३३६ तास

१६ डिसेंबर २०२१, गुरुवार. सुरतच्या रेल्वेमार्गालगतच्या २,४५० झोपड्यांचे काय करायचे, याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला. नव्या मार्गासाठी ज्यांची जागा लगेच हवी आहे, त्यांनी नोटीस मिळाल्यापासून दोन आठवड्यांत घर रिकामे करायचे. बाकीच्यांना सहा आठवडे. दोन आठवड्यांचे तास होतात ३३६.

हा घटनाक्रम उलट्या मोजणीने लिहिला आहे. शून्य म्हणजे जेसीबी भिंतीला टेकतो ती वेळ. तिथून मागे मोजत गेले, की मोजमाप बदलत गेलेले दिसते. सरकारी खात्यांचा हिशेब वर्षांत चालतो, न्यायालयाचा आठवड्यांत, आणि घरात राहणाऱ्याच्या वाट्याला तास येतात.

शून्याआधी सव्वाशे वर्षे : रूळ

हे रूळ मराठी माणसाला परके नाहीत. किलिक निक्सन कंपनीच्या पुढाकाराने तापी व्हॅली रेल्वे विसाव्या शतकाच्या तोंडावर बांधली गेली. सुरतहून निघून बारडोली, व्यारा, नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा करत ती अमळनेरला पोहोचली. खानदेशचा कापूस पश्चिमेला जावा, हा तिचा उद्देश. पुढे कापसापेक्षा माणसेच जास्त गेली. धुळे, नंदुरबार आणि जळगाव जिल्ह्यांतली कोरडवाहू शेती पोटाला पुरेना तशी घरटी एक-दोन माणसे सुरतच्या पॅसेंजरमध्ये बसली. उधना आणि पांडेसरा इथले यंत्रमाग त्यांना सामावून घेत गेले. लिंबायत, नवागाम, डिंडोली या भागांत आज अहिराणी सहज कानावर पडते. महापालिकेच्या मराठी शाळा आहेत, कानबाईचे रोट होतात.

ज्यांना चाळीत किंवा सोसायटीत खोली परवडली नाही, ते रुळांच्या कडेला थांबले. त्याला साधे कारण होते. संचाखाते, म्हणजे यंत्रमागांचा कारखाना, चालत जाण्याच्या अंतरावर होते. बारा तासांची पाळी संपवून रिक्षाचे पैसे न मोजता घरी येता येत होते. शिवाय जमीन रेल्वेची, म्हणजे शहरात असूनही शहराच्या हिशेबाबाहेरची. महापालिका म्हणणार, जागा आमची नाही. रेल्वे म्हणणार, घरे बांधून देणे हे आमचे काम नाही. या दोन वाक्यांच्या मधल्या पट्ट्यात, उत्राणपासून सुरत आणि उधना ओलांडून भेस्तानपर्यंत, वस्ती वाढत गेली.

शून्याआधी सात वर्षे : २३ जुलै २०१४

उत्राण ते भेस्तान या पट्ट्यातल्या रहिवाशांचे 'रेल्वे झोपडपट्टी विकास मंडळ' गुजरात उच्च न्यायालयात गेले. २३ जुलै २०१४ रोजी न्यायालयाने 'जैसे थे'चा आदेश दिला. झोपड्या पाडायच्या नाहीत.

रेल्वेची गरज खोटी नव्हती. उधन्याला जळगावकडची लाईन मुंबई-अहमदाबाद या मुख्य मार्गाला येऊन मिळते, आणि तिथून सुरत स्टेशनपर्यंत दोन्हींकडच्या गाड्या त्याच रुळांवर येतात. उधना-जळगाव हा सुमारे ३०७ किलोमीटरचा मार्ग २०१८ मध्ये दुहेरी झाला, तेव्हा ही कोंडी आणखी जाणवू लागली. सुरत-उधना ते जळगाव या तिसऱ्या लाईनच्या प्रकल्पाला रुळांलगतची जागा हवी होती. नंदुरबारहून येणारी गाडी उधन्याच्या अलीकडे सिग्नलला उभी राहते, तेव्हा तिच्या डब्यांत खानदेशचीच माणसे असतात. त्यांच्यातल्या कोणाचे नातलग खिडकीतून दिसणाऱ्या झोपड्यांत राहत असतील, तर त्यात नवल नाही. लाईनही त्यांचीच आणि अडथळाही तेच.

'जैसे थे' आदेशाने घर वाचते, पण पुढचे घर मिळत नाही. तो खात्यांना वेळ देतो. २३ जुलै २०१४ ते १९ ऑगस्ट २०२१ हे २,५८४ दिवस होतात, म्हणजे ६२ हजारांहून जास्त तास. याच काळात, २५ जून २०१५ रोजी, पंतप्रधान आवास योजना (शहरी) सुरू झाली. २०२२ पर्यंत सर्वांना घर, हे तिचे घोषवाक्य. सुरत महापालिकेला तर घरे बांधण्याचा आधीपासूनचा अनुभव होता. जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियानाच्या काळात तिने शहराच्या उत्तरेला, अमरोलीपलीकडच्या कोसाडला मोठी आवास वसाहत उभारली होती. पैसा, योजना, बांधणारी यंत्रणा आणि सात वर्षांचा अवधी, सगळे एकाच शहरात होते. तरीही स्थगिती उठली तेव्हा रुळांलगतच्या माणसांच्या हातात पर्यायी घराची किल्ली नव्हती.

पहिल्या शून्याआधी १२० तास : १९ ऑगस्ट २०२१, गुरुवार

कोविडची दुसरी लाट नुकती ओसरली होती. मागच्या वर्षीच्या टाळेबंदीत याच शहरातले माग बंद पडले होते आणि परप्रांतीय मजूर घरी जाऊ द्या म्हणून रस्त्यावर उतरले होते. संचे पुन्हा चालू झाले असले, तरी त्या महिन्यांची उधारी फिटलेली नव्हती. अशा वेळी उच्च न्यायालयाने सात वर्षांची स्थगिती उठवली आणि याचिका निकालात काढली. रेल्वेचा मार्ग मोकळा झाला.

९६ तास. शुक्रवार. दिल्लीत अपील करायचे तर आदेशाची प्रत हवी, वकील हवा, आणि मंडळाच्या पाच-दहा माणसांनी पाळ्या बुडवायला हव्यात. मागावरच्या कारागिराला मजुरी मीटरवर मिळते. कापड निघाले नाही, तर त्या दिवसाचे पैसे नाहीत.

४८ तास. रविवार, २२ ऑगस्ट. राखी पौर्णिमा. न्यायालयाला सुटी.

० तास. मंगळवार, २४ ऑगस्ट. ज्येष्ठ वकील कॉलिन गोन्साल्विस यांनी सर्वोच्च न्यायालयात, सरन्यायाधीश एन. व्ही. रमणा यांच्यासमोर प्रकरण तातडीचे म्हणून मांडले. पाडकाम कोणत्याही क्षणी होईल, अशी स्थिती होती. न्यायालयाने पुन्हा 'जैसे थे' म्हटले. पहिली मोजणी शून्यावर येऊन थांबली.

असे प्रसंग आता सवयीचे झाले आहेत. त्याआधी सुमारे वर्षभर, ३१ ऑगस्ट २०२० रोजी, सर्वोच्च न्यायालयानेच दिल्लीतल्या सुमारे १४० किलोमीटर रेल्वेमार्गालगतच्या ४८ हजार झोपड्या तीन महिन्यांत हटवायला सांगितले होते. पुढे २० डिसेंबर २०२२ ला उत्तराखंड उच्च न्यायालयाने हल्द्वानीच्या रेल्वे जमिनीवरची वस्ती आठवड्याभराच्या नोटिशीने हटवण्याचा आदेश दिला. ५ जानेवारी २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने तो थांबवला. पन्नास हजार माणसे सात दिवसांत उखडता येत नाहीत, असे न्यायमूर्तींनी सुनावले. तिन्ही ठिकाणी मुदत ठरली ती जमीन कधी हवी यावरून. माणसांना दुसरे घर मिळायला किती दिवस लागतील, हे आधी कोणी मोजले नव्हते.

दुसऱ्या मोजणीचा आरंभ : १६ डिसेंबर २०२१

११४ दिवसांनी न्या. अजय खानविलकर, न्या. दिनेश माहेश्वरी आणि न्या. सी. टी. रविकुमार यांच्या खंडपीठाने आदेश दिला. हरियाणातल्या फरिदाबादच्या रेल्वेलगतच्या वस्तीचा प्रश्नही त्याच सुमारास याच खंडपीठापुढे होता. सुरतच्या आदेशाचा गाभा असा : प्रकल्प रखडलेला आहे, तो पुढे न्यायलाच हवा. रेल्वेने २,४५० बांधकामांतल्या रहिवाशांना नोटिसा द्याव्यात. पाडण्याआधी कोण कुठे राहतो याची नोंद व्हावी. पाडलेल्या प्रत्येक बांधकामामागे महिना २,००० रुपये, जास्तीत जास्त सहा महिने, जिल्हाधिकाऱ्यांनी द्यावेत आणि तो भार रेल्वे, राज्य सरकार आणि महापालिका यांनी वाटून घ्यावा. रहिवाशांना पंतप्रधान आवास योजनेत अर्ज करता येईल. तो सहा महिन्यांत निकाली काढावा. मुदतीत घर रिकामे झाले नाही, तर पोलिसांच्या मदतीने बळाने हटवता येईल. आणि अतिक्रमण होऊ देणाऱ्या अधिकाऱ्यांवरही कारवाई व्हावी.

आपली जमीन नाही म्हणून महापालिकेला हात झटकता येणार नाहीत, हे न्यायालयाने स्पष्ट केले. तो या आदेशाचा मोलाचा भाग आहे. पण त्याच कागदावर दोन मुदती शेजारी बसल्या आहेत. घर सोडायला दोन किंवा सहा आठवडे. नव्या घराचा अर्ज निकाली निघायला सहा महिने. आपत्ती या दोन आकड्यांच्या मधल्या जागेत घडते.

ती कशी घडते, हे पाहण्यासाठी या मुदती एका घराला लावून पाहू. घर कल्पित आहे, मुदती आदेशातल्या आहेत. नवरा संच्यावर कारागीर, बायको घरी साड्यांना टिकल्या लावण्याचे आणि धागे कापण्याचे काम करते, थोरली मुलगी मराठी शाळेत दहावीला, धाकटा चौथीत.

३३६ तास

दारावर नोटीस. या १४ दिवसांत आठवड्याची एक सुटी धरली तर नवऱ्याच्या १२ पाळ्या आहेत. बारा तासांच्या १२ पाळ्या म्हणजे १४४ तास. रोज सात तास झोप धरली तर ९८. उरले ९४ तास. यातच जेवण, पाणी भरणे, ये-जा, आणि घर हलवणे. पाळी बुडवली तर तास वाढतात, पण डिपॉझिटसाठी लागणारा पैसा तितकाच कमी होतो.

३०० तास

कागद गोळा करणे. आधार, मतदार ओळखपत्र, रेशनकार्ड, लाइटबिल असेल तर लाइटबिल. निम्म्या कागदांवर गावचा पत्ता, निम्म्यांवर इथला. आवास योजनेची अट अशी की, नवरा, बायको किंवा अविवाहित मुले यांच्या नावे देशात कुठेही पक्के घर नसावे. शिंदखेड्याकडे वडिलांच्या नावावर दोन खोल्या असतील तर अडचण नाही. वडील वारले असतील आणि उताऱ्यावर वारसांची नावे चढली असतील, तर तेवढ्यावर अर्ज अडू शकतो. मग ती नोंद पाहायला तापी लाईनची गाडी पकडून गावी जायचे. त्यात एक-दोन पाळ्या गेल्या.

२४० तास

खोली शोधणे. एकाच पट्ट्यातली शेकडो कुटुंबे एकाच पंधरवड्यात, त्याच संचाखात्यांपासून चालत जाण्याच्या अंतरात खोली शोधत आहेत. मागणी अशी वाढली की भाडे कुठे जाते, हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ लागत नाही. डिपॉझिटशिवाय दार उघडत नाही. महिन्याचे २,००० रुपये घर पाडल्यानंतरचे आहेत, डिपॉझिट आधी द्यायचे आहे. मुकादमाकडून उचल घ्यायची, म्हणजे पुढचे कितीतरी मीटर कापड आधीच विकलेले.

१६८ तास

आठवडा उरला. लिंबायतमध्ये खोली मिळाली तर बरे. पण स्वस्त खोली शहराच्या कडेलाच मिळते. मग शाळेचा प्रश्न. दहावीची परीक्षा मार्चमध्ये, परीक्षेचा फॉर्म या शाळेतून भरलेला. महापालिकेची मराठी शाळा प्रत्येक भागात नाही. धाकट्याला गुजराती किंवा हिंदी शाळेत घालावे, तर वर्ष अर्धे संपलेले. बायकोच्या कामाचा प्रश्न वेगळाच. साड्यांचे गठ्ठे वस्तीत आणून देणारा माणूस ठरलेला असतो. तो पाच किलोमीटरवरच्या नव्या गल्लीत गठ्ठा पोहोचवत नाही. म्हणजे घराबरोबर तिचा रोजगारही सुटतो, आणि कोणत्याही भरपाईच्या यादीत त्याला रकाना नाही.

७२ तास

आदेशातली एक ओळ इथे महत्त्वाची ठरते : रक्कम बांधकामामागे आहे. ज्या झोपडीवर पत्र्याचा माळा टाकून दुसरे कुटुंब भाड्याने राहते, तिथे कुटुंबे दोन आणि बांधकाम एक. नोंद कोणाच्या नावे होणार? वर्षानुवर्षे एका न्हाणीचे पाणी वाटून घेणाऱ्या दोन घरांत या प्रश्नावरून भांडण लागू शकते. त्यातून मंडळाची एकजूट ढिली होते.

२४ तास

सुटे करता येण्याजोगे सगळे सुटे होते. पत्रे, दरवाजा, खिडकीचे गज, कोबा करताना वर बसवलेली कडाप्प्याची फळी. नव्या भाड्याच्या खोलीत यातले काही लागत नाही, म्हणून ते भंगारवाल्याकडे वजनावर जाते. वर्षावर्षाला एक भिंत पक्की करत बांधलेल्या घराची किंमत त्या काट्यावर दिसते.

शून्य

बंदोबस्त, अधिकारी, जेसीबी. रूळ मोकळा करण्याचे काम यंत्राला फार वेळ घेत नाही. इथे प्रकल्पाची फाईल एक पान पुढे सरकते.

शून्यानंतर ४,३२० तास

सहा महिन्यांचे साधारण ४,३२० तास. महिना २,००० रुपये म्हणजे दिवसाला ६६ आणि तासाला पावणेतीन रुपयांच्या आसपास; सगळे मिळून १२,०००. आवास योजनेतले घर फुकट नसते, लाभार्थ्याला स्वतःचा हिस्सा भरावा लागतो. ज्याने नुकतीच उचल घेऊन डिपॉझिट भरले, त्याने त्याच सहा महिन्यांत हा हिस्सा उभा करायचा. अर्ज मंजूर झाला तरी ते घर संच्यापासून किती दूर असेल, हे त्याच्या हातात नाही. आणि अर्ज फेटाळला गेला, तर शून्यानंतरचे तास मोजायला कोणी नेमलेले नाही.

मग पर्याय काय, असे रेल्वेने विचारले तर उत्तर रेल्वेच्याच अनुभवात आहे. मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पासाठी लोकलच्या रुळांलगतच्या झोपड्या हटवायच्या होत्या. २००० च्या फेब्रुवारीत हार्बर मार्गावर पाडकाम झाले आणि लोक रुळांवर उतरले. पण त्या प्रकल्पाला जागतिक बँकेचे कर्ज हवे होते, आणि आधी पुनर्वसनाचे धोरण ही त्याची अट होती. रेल्वे झोपडपट्टीवासीय फेडरेशन, महिला मिलन आणि स्पार्क या संस्थांनी रहिवाशांना बरोबर घेऊन घरोघरी मोजणी केली होती, ती कामी आली. हजारो कुटुंबांना आधी तात्पुरती घरे किंवा २२५ चौरस फुटांची कायमची घरे मिळाली आणि मग झोपड्या गेल्या. लोकांनी स्वतःच्या हाताने त्या उतरवल्या. रुळांलगतची जागा मोकळी झाली, गाड्यांचा वेग वाढला.

तो स्वर्ग नव्हता. मानखुर्दचे लल्लुभाई कंपाउंड आणि गोवंडीचे नटवर पारेख कंपाउंड या पुनर्वसन वसाहतींत इमारती एकमेकींना इतक्या खेटून बांधल्या, की खालच्या मजल्यांवर ऊन-वारा पोहोचत नाही आणि तिथे क्षयरोग जास्त आढळतो, असे पुढच्या अभ्यासात दिसले. म्हणजे किल्ली आधी दिली तरी घर कसे आणि कुठे, हा प्रश्न उरतोच. पण तो सोडवायला निदान डोक्यावर छप्पर तरी असते.

आणि कायदा? १३ नोव्हेंबर २०२४ रोजी न्या. भूषण गवई आणि न्या. के. व्ही. विश्वनाथन यांच्या खंडपीठाने बुलडोझर कारवाईवर निकाल दिला. पंधरा दिवसांची नोटीस, बाजू मांडण्याची संधी, सकारण आदेश, पाडकामाचे चित्रीकरण. देशभर त्याचे स्वागत झाले. मात्र त्याच निकालात अपवादही नोंदवले आहेत : रस्ता, पदपथ, नदी आणि रेल्वेमार्गालगतच्या अनधिकृत बांधकामांना हे नियम लागू नाहीत. शहरातला सर्वांत गरीब माणूस नेमका याच चार ठिकाणी राहतो.

पदपथावर राहणारा माणूस पोटासाठी तिथे राहतो आणि त्याला हटवले की त्याचे पोटही जाते, हे सर्वोच्च न्यायालयाने १० जुलै १९८५ रोजी ओल्गा टेलिस खटल्यात मान्य केले. तेव्हाही घरे वाचली नाहीत, पण उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कात मोडतो, हे तत्त्व मिळाले. त्या तत्त्वाला आता वेळापत्रकाची जोड हवी. कोणत्याही लाईनच्या, पुलाच्या किंवा नदीकाठाच्या प्रकल्प अहवालात पहिल्या पानावर दोन तारखा असाव्यात : जमीन कधी हवी आणि तिथल्या माणसांना किल्ल्या कधी मिळणार. दुसरी तारीख पहिलीच्या आधीची नसेल, तर निविदा निघू नये. जमिनीची मोजणी जितक्या आधी होते तितक्याच आधी घरांची, भाडेकरूंची, शाळेतल्या मुलांची आणि घरी बसून काम करणाऱ्या बायकांची मोजणी व्हावी. पुनर्वसनाचा खर्च प्रकल्पाच्या खर्चात सुरुवातीलाच धरावा. नंतर न्यायालयाने तीन खात्यांत वाटून देण्याची वेळ येऊ नये.

सुरतला याचा सराव लवकर करावा लागणार आहे. मेट्रोचे काम चालू आहे, बुलेट ट्रेनचे स्थानक उभे राहते आहे, तापीचा काठ सुशोभित करण्याच्या योजना आहेत. यातल्या प्रत्येकाला कोणाची तरी जागा लागणार. या शहराने सात वर्षांचे ६२ हजार तास हातात असताना वापरले नाहीत, आणि शेवटी मागावरच्या एका कारागिराकडून अपेक्षा ठेवली की, त्याने ९४ तासांत सगळे उरकावे.